अण्णाचा चुरगळलेला शर्ट

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरला माझ्या घरी इस्त्री करत उभी होते. बटण बंद केलं आणि वाटलं, हा माणूस जाता जाताही माझ्या इस्त्रीला हसला असणार…

माझ्या या थोरल्या भावाचं शाहूपुरीत सुती कापडाचं दुकान, आणि मालक कायम चुरगळलेल्या शर्टात. "गिऱ्हाईक काय म्हणेल?" असं मी टोचलं की उत्तर ठरलेलं, "म्हणंल, कापूस खरा हाय." मग त्याचा मुलगा महेश दुकानात बसू लागला आणि त्यानं इस्त्री न लागणारं सुती कापड आणलं. ते झपाट्यानं खपलं. अण्णाचं म्हणणं एवढंच, की विका, पण सांगून विका. गिऱ्हाइकासमोर तो दोन्ही कापडांच्या काठाला कात्री लावायचा आणि हातानं फाडून दाखवायचा. साधं कापड कुरकुरत, ओढ घेत फाटायचं. महेशचं झटक्यात. "सुरकुती पडू नये म्हणून औषध मारत्यात ह्याला. आतलं धागं जखडून बसत्यात. ताण आला की सरकायला जागा न्हाय, मग तुटत्यात. कॉलरची घडी आधी जाणार. पायजे तर खुशाल न्या, पण म्हायती असून न्या." महेश कपाळाला हात लावायचा. दुकान बुडवायला निघालाय म्हणायचा. बापलेकांचं हे भांडण मिटायचं होतं… तेवढ्यात अण्णाच गेला. भांडण असं अर्धवट टाकून गेला, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

दिवसकार्य झाल्यावर राजारामपुरीत अण्णाच्या घरी त्याचे कपडे द्यायला काढले. दाराआडच्या खुंटीवर त्यानं शेवटचा घातलेला शर्ट तसाच होता. महेशनं तो उचलला.

"आई, ह्यो धुऊन, इस्त्री करून देतो."

वहिनीनं त्याचा हात धरला. "राहू दे की. त्यांची कोपरं हाईत त्यात."

खरंच होती. गल्ल्यावर हात टेकून बसायच्या सवयीच्या चुण्या दोन्ही बाह्यांवर जशाच्या तशा. महेश बाहीकडे बघत राहिला.

"आत्या, माझ्या कापडात हे राहिलं नसतं," तो म्हणाला.

आता गिऱ्हाइकासमोर कात्री महेश लावतो. दोन्ही कापडं फाडतो, दोन्ही विकतो. शर्ट घरी त्याच खुंटीवर आहे. येता-जाता आमचा हात त्याला लागतो, पण बाही कुणी सरळ करत नाही.