दांड्यावरचा हात

पक्षाघातानं वाचा गेलेल्या किसनआबांचा उजवा हात कॉटच्या लोखंडी दांड्यावर सारखा आपटत होता. मी त्यांचा संगीतोपचारक. शेजारी बसून तानपुऱ्यावर भूप गात होतो. हात थांबेना, तसा मी तो अलगद दाबून धरला आणि नोंदवहीत लिहिलं, ‘अस्वस्थ’. तीन आठवडे मी हेच करत आलो होतो.

त्या दिवशी त्यांची लेक सुनंदा डबा घेऊन लवकर आली आणि दारातच थबकली.

“सर, आबांचा हात का धरलाय?”

“शांत व्हावेत म्हणून.”

“अहो, हलगी वाजवतायत ते! जन्मभर वाजवली. तुमच्या गाण्याला साथ करतायत बिचारे, आणि तुम्ही त्यांनाच गप्प करताय?”

आमच्याकडे लग्नात हलगी लागायची, पण वाजवणाऱ्यांची पंगत अंगणाबाहेर बसे. लहानपणी मी ते पाहिलं, मोठेपणी त्यावर हळहळलो, आणि तेवढ्यावर सुटलो असं समजलो. मग आबांना काय आवडतं, एवढं साधं घरच्यांना का विचारलं नाही? मनाला शांत करणारं संगीत म्हणजे आमच्या घरातलं संगीत, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागलंच नाही, याचीच चीड येते.

“चुकलो, सुनंदाताई. माफ करा,” मी म्हणालो. आणखीही बरंच बोलणार होतो.

“ते आबांना सांगा,” ती म्हणाली, “पण आधी त्यांचा हात सोडा.”