आक्काचे आलेख

आक्का, माझी थोरली बहीण, बेळगुंदीकडच्या एका शाळेत गणित शिकवायची. हात कापू लागल्यापासून फळ्यावर तिचे आलेख वेडेवाकडे यायचे आणि पोरं खुसखुसायची. ते ऐकून मलाच राग आला. मी मच्छे गावातल्या कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर असतो. म्हटलं, एवढं तरी आपण करू.

चार दिवस शोधलं. आलेख काढणारं एक सॉफ्टवेअर महिनाभरच फुकट, दुसऱ्याला सारखं नेट लागायचं. शेवटी कायमचं फुकट आणि नेटशिवाय चालणारं एक सापडलं. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच घालून दिलं.

आक्कानं समीकरण टाईप केलं. क्षणात पडद्यावर गुळगुळीत वक्ररेषा उमटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आक्का हातात खडू धरून तशीच उभी राहिली.

परतताना गाडीवर मागं बसून म्हणाली, "लई झ्याक हाय रं. आता मी कशाला पायजे?"

"व्हय की, आता आराम कर," मी म्हणालो. वर मूर्खासारखा हसलोही.

त्याच वर्षी तिनं मुदतीआधी नोकरी सोडली. गेल्या महिन्यात ती वारली.

परवा तिचं कपाट आवरताना आलेखाच्या कागदांचा गठ्ठा हाती लागला. प्रत्येक कागदावर तीच वक्ररेषा, हातानं काढलेली, कोपऱ्यात तारीख. तळाच्या कागदांवर रेघ नुसती थरथरत होती. वर वर येताना ती सावरत गेली होती. सगळ्यांत वरच्या कागदावर तर मला थरथर शोधावी लागली.

त्यावरची तारीख मी सॉफ्टवेअर घालून दिलं त्याच्या आदल्या दिवसाची होती.