वाफेची लाइन

बीडमधल्या माझ्या पाइपांच्या दुकानात ती एकदाच आली. शिरूर कासारकडची, साखर कारखान्यातली वेल्डर. दोन पाइपांच्या आतून अंगठा फिरवून म्हणाली, "हा पत्रा वळवून जोडलेला, पाण्याला चालंल. वाफेचा दाब लई हाय, तिथं बिनजोडाचा सीमलेसच द्या."

पुढं उरलेला माल पोचवायला मी कारखान्यावर गेलो, तेव्हा चाचणी चालू होती. लाइनीत पाणी भरून दाब वाढवला होता आणि ती आपल्या एकेका वेल्डिंगखालून तळहात फिरवत होती. शेवटपर्यंत हात कोरडा राहिला.

"झकास काम केलंत, ताई," मी म्हणालो.

"माझ्या आईनं ह्याच कारखान्याचा ऊस तोडला," ती म्हणाली. "आता इथली वाफ माझ्या हातच्या लाइनीतनं जाती."

परतताना माझीही छाती फुगली होती. पाइप माझ्या दुकानातले होते ना!