मुक्ताच्या बरणीला मारलेली टिचकी

आमच्या लेकीनं, मुक्तानं, इंजिनिअरिंगची चांगली नोकरी सोडली आणि मिनेसोटातल्या एका जपानी बाईंकडे कुंभारकाम शिकायला गेली, तेव्हा मी महिनाभर धुसफुसत होते. दीड वर्षानं तिचा फोन आला, "आई, भाजलेल्या भांड्यांची भट्टी उघडणार आहे, विक्रीही आहे. येशील?" मी ह्यांना म्हटलं, काढा गाडी!

आमच्या नेपरव्हिलच्या घरून साधारण सात तास. मॅडिसनवरून जा आणि टोलसाठी सुटे जवळ ठेवा. विस्कॉन्सिनमध्ये ताजं चीज कर्ड, म्हणजे कोवळ्या चीजचे गोळे, जरूर खा, दाताखाली मस्त करकरतं. मोटेल ब्रेकफास्ट धरून सत्तर डॉलर. तरी मी दशम्या नेल्याच होत्या.

सकाळी नदीकाठच्या शेडवर पोचलो. सातोबाई सत्तरीच्या, बोलणं मोजकं. मुक्ता त्यांना 'सेन्सेई' म्हणते, म्हणजे गुरुजी. ओकच्या लाकडाची राख कालवून त्या जुन्या जपानी पद्धतीचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई, करतात, आकार मात्र अगदी आजचे. एका वाडग्यात गोठलेली नदी, दुसऱ्यावर मेपलची पानगळ. काय सांगू, बघतच राहिले!

मुक्ता कानात म्हणाली, "टेबलावर माझी एक बरणी आहे. ओन्ली वन." विक्रीच्या टेबलावर काय जाणार ते सेन्सेई ठरवतात. या भट्टीतलं तिचं एकही भांडं गेलं नाही, तर तिचं शिकणं संपणार होतं.

बरणी फिकट हिरवी, ग्लेझ खांद्यावरून ओघळून मध्येच थबकलेलं. मी उचलली आणि टिचकी मारली. आमच्या नागपुरात माठ वाजवल्याशिवाय कोण घेतं? मघापासून प्रत्येक भांडं वाजवत आले होते, सगळी खणखणीत. ही भद्द वाजली.

मुक्ताचा चेहरा उतरला. ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"अगं, माझंच बोट चुकलं असेल," मी चक्क खोटं बोलले.

"नो, आई. क्रॅक आहे." तिनं आत पाणी ओतलं. थोड्या वेळानं बुडाशी थेंब जमला.

दुसऱ्या कुणाला पत्ताही नव्हता. एक बाई तर ती घ्यायला हात पुढे करून उभ्या होत्या. मला वाटलं, गप्प बस गं पोरी! पण ती बरणी उचलून थेट सातोबाईंपुढे गेली. "धिस वन लीक्स. आय विल टेक इट बॅक."

सातोबाईंनी बरणी वाजवली, कान देऊन ऐकली, बाजूला ठेवली. मग इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, सोमवारी सकाळी सहाला ये, पुढच्या भट्टीचं लाकूड फोडायचंय.

मुक्ता एकदम रडायलाच लागली, मग हसायला. मला कळायला अर्धं मिनिट लागलं. अहो, पोरगी शिकायला राहिली!

घरी आलो. शनिवारी भिशीला जोशीकाकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग, मुक्ताची किती भांडी लागली टेबलावर?"

"एकही नाही!" मी इतक्या ऐटीत सांगितलं की काकूंचा साबुदाणावडा हातातच राहिला.