न दिलेला हुर्रे

लाखनीच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली मला सोडायला आल्या होत्या. एकीने ‘हिप हिप’ म्हटले, बाकीच्या ‘हुर्रे!’ ओरडल्या. शाळेत ‘हिप हिप’ म्हणणारी मी असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तो हुर्रे माझ्यासाठी होता.

वडिलांनी पिशवी खिडकीतून आत दिली. “ह्या कायले बोंबलून राहिल्या?”

“खुशीत, बाबा. इंग्रजीत असंच म्हणतेत.”

“पोरगी गाव सोडून जाऊन राहिली, अन् खुशी कायची?” मग आवाज उतरवून म्हणाले, “तलावाखालची बांधी तुह्या वाट्याची आहे. वापस आली तं पाय टेकाले जागा पायजे.”

बांधी म्हणजे धानाचे बांधाबांधाचे शेत. पुढे पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी बावीस वर्षे गेली. बातमीत ‘हुर्रे’ आला की मी खोडायचे. आनंद नेमका कोणाला झाला ते लिहा, म्हणायचे. भाड्याची घरे बदलली, कशाचे फार वाटले नाही. गाव सोडलेल्यांना हे कळेल: मागे एक जागा आहे, एवढ्यावर निभते.

वडील गेले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने मला तालुक्याच्या कचेरीत नेले. “वारसायची नावं चढवाची आहेत, ताई. सही कर.” छापायला जाणारे पान मी तीनदा वाचते. तो कागद वाचला नाही. भावासमोर कागद वाचत बसणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे आमच्या घरांत मानतात.

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. बांधीत मुरूम पडलेला, खाली भावाची ओळ: ‘आपला धाबा’. भाचीने ‘हुर्रे!’ लिहिले. मग काकू, मामा, चुलतभाऊ, एकामागून एक हुर्रे.

मी फोन केला. भाऊ म्हणाला, “तूच तं हक्क सोडला, ताई. कागद पाह्यून घे.” मी नक्कल मागवून वाचली. हक्कसोडपत्र. माझा वाटा मी राजीखुशीने सोडला, असे त्यात होते. खाली माझी सही, स्पष्ट.

काल त्याचाच फोन आला. “सगळ्यायनं हुर्रे लिहिलं, तू काहून नाही? लोक विचारून राहिले, ताई राजी नाही का म्हणून. एक शब्द टाक ना.”

या शब्दाचा नियम मला शाळेपासून पाठ आहे. एकाने सुरुवात केली की बाकीच्यांनी साथ द्यायची. सही मी दिली आहे. हुर्रे देणार नाही. गावात माझ्या नावावर आता तेवढेच उरले आहे.