माईंची ती

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत ती माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी, म्हणून सगळे तिला वाफबाई म्हणत. तिची मायबोली स्पॅनिश. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याची मायबोली शोना. एकमेकांशी दोघं बोलायची ती या शहराची भाषा, दोघांनीही मोठेपणी कशीबशी शिकलेली. "भांडायला शब्दच पुरत नाहीत गं, म्हणून आमचं जमतं," असं म्हणून ती हसायची.

नवरा आजारपणात गेला. त्याच्या शुश्रूषेसाठी आलेली सासू मग तिच्याजवळच राहिली. शोनातही आईला माई म्हणतात, म्हणून ही सासूला माईच म्हणायची. तिला वाटलं होतं, आता दोघी मिळून त्याच्याबद्दल बोलू, मन मोकळं करू. पण माईंनी मुलाचा विषयच काढला नाही. त्याचा फोटो पुसायच्या, जागेवर ठेवायच्या आणि भाजी निवडायला बसायच्या. हिने काही विचारलं की, "तू जेवलीस का?" झालं, बोलणं तिथंच संपायचं.

"माझ्या वाट्याला तो मोठा झालेलाच आला," ती मला एकदा म्हणाली. "लहानपणीचा सगळा माईंच्या पोटात आहे, आणि त्या तोंड उघडत नाहीत."

त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं तर सांगतील, या आशेने तिने फोनवरच्या धड्यांतून शोना शिकायला घेतली. एका कानात धडा, हातात इस्त्री. मधेच मला सांगायची, "उच्चार सोपे आहेत गं. स्वर आमच्यासारखेच, पाचच, स्वच्छ. पण बाकी सगळं उलटं. आमच्या स्पॅनिशमध्ये चादरसुद्धा बाई आणि रुमालसुद्धा पुरुष. शोनाला त्याचं काही पडलेलंच नाही. तिथं एक माणूस मुन्हू, अनेक असले तर वान्हू. बाई की पुरुष, कोण विचारतो!"

"आणि आठवण येते म्हणायचं असेल तर?" मी विचारलं.

तिने इस्त्री बाजूला ठेवली. "आमच्यात 'लो एक्स्त्रान्यो'. त्याची आठवण येते. आधी तो येतो, मी शेवटी कुठंतरी शेपटाला. शोनात 'न्दामुसुवा'. एकाच शब्दात मी, तो आणि आठवण. त्याला बाहेर काढताच येत नाही."

त्याच सुमारास तिची आई तिच्याकडे राहायला आली. दोघी विहिणींना एकमेकींच्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं. दोघी शहराचीच भाषा बोलायच्या, तीही मोडकीतोडकी, हातवारे करत. पण ही कामावर गेली की घरात दोघींचं चांगलं गूळपीठ जमायचं.

एके दिवशी ती घरी पोचल्यावर आईने तिला बाजूला ओढलं. "तुझ्या सासूची मुलगी गेली, आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"कुठली मुलगी? माईंना एकच मुलगा होता."

"मग मला रोज कुणाचं सांगतात? म्हणे ती कोंबड्यांना फार घाबरायची. ती आईच्याच चपला घालून शाळेत गेली. शेजाऱ्यांचं घड्याळ खोललं आणि तिला ते परत जोडता येईना, म्हणून दिवसभर झाडावर लपून बसली. झोपेत एक पाय कायम पांघरुणाबाहेर. गुणाची पोर. सांगता सांगता डोळ्यांना रुमाल लावतात बिचाऱ्या."

वाफबाई होती तिथंच खुर्चीत बसली. पांघरुणाबाहेरचा तो पाय तिच्या ओळखीचा होता. थंडीत कितीदा तिनेच तो आत ढकलला होता. आणि मग तिला धड्यातला एक शब्द आठवला. शोनात 'इये' म्हणजे तोही आणि तीही. शहराच्या भाषेत बोलताना माईंच्या तोंडी जे पहिलं येईल ते यायचं, आणि ते 'ती' होतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला स्त्री नाहीतर पुरुष मानणाऱ्या आईने ते शब्दशः घेतलं होतं.

"अजून काय करायची ती?" तिने आईला विचारलं.

तिने आईची चूक लगेच दुरुस्त केली नाही. चहा गार होईपर्यंत ती आपल्या नवऱ्याचं बालपण आईच्या तोंडून, स्पॅनिशमध्ये, मुलीचं म्हणून ऐकत राहिली. मला म्हणाली, "मधे बोलले असते तर आई थांबली असती. मला तिने थांबायला नको होतं."

मग ती स्वयंपाकघरात माईंजवळ जाऊन उभी राहिली. "माई, न्दामुसुवा."

माईंचे हात थांबले. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला, आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा ते नीट समजेल असा. शोनात सुराला फार महत्त्व. तिने तसाच म्हटला. मग दोघी एकमेकींना धरून रडल्या.

"त्याच्या लहानपणीचं मला का नाही सांगितलंत?"

"तुला सकाळी उठून कामावर जायचं असतं," माई म्हणाल्या. "तुला रडवून कसं पाठवू? तुझी आई घरीच असते. तिला रडवलं तर चालतं."

दारातून आईने सगळं ऐकलं होतं. "अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी जावयाला फ्रॉक घालून फिरवत होते?" हे माईंना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र त्या डोळे पुसता पुसता इतक्या हसल्या की ओट्याला टेकल्या.

त्यानंतर वाफबाईने दुपारची पाळी मागून घेतली, सकाळ माईंसाठी मोकळी ठेवली. आता आम्ही पाळी बदलताना दारातच भेटतो. माई सगळं क्रमाने सांगतात, शोनात, सावकाश. निम्मं तिला कळत नाही, तरी ती मधे विचारत नाही.

काल मी विचारलं, "कुठवर आलं?"

"आज शाळा सुटली. कामाच्या शोधात निघालाय," टोपी केसांवर ओढत ती म्हणाली. "मी माईंना म्हटलं, घाई करू नका. इथं, या शहरात येऊन पोचला की त्यांच्याकडचं संपणार."