कमरदुखीचं सोंग

निजामुद्दीन मास्टरांना मी पहिल्याच दिवशी थाप मारली, आणि त्यांनी ती इतकी मनापासून खरी मानली की पुढचे दोन महिने मला त्यांच्यासमोर सरळ चालायची चोरी झाली.

शहागंजातल्या एका बोळात त्यांचं लेडीज टेलरचं दुकान आहे. दोन मशिनी, एक टेबल, मागं पडदा आणि पडद्यामागं घर. मास्टरांचं वय पासष्टच्या पुढं, मेंदीनं लाल केलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, पण एकाही बाईच्या अंगाला टेप लावली नाही. गिऱ्हाइकानं मापाचं ब्लाउज आणून द्यायचं आणि मास्टरांनी ते टेबलावर पसरून वितीनं मोजायचं. कुणी ब्लाउज विसरलंच, तर त्यांची बायको फहमिदाचाची पडद्याआड माप घेऊन आकडे ओरडून सांगायची. सांगताना दोन इंच कमीच सांगायची, म्हणजे बाहेर बसलेल्या बाकीच्या बायकांना कळू नये. मास्टर मनातल्या मनात दोन मिळवायचे.

मी लासूर स्टेशनची सोनिया. इथं एका विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. मला हौस होती कॉर्सेट शिवायची. कॉर्सेट म्हणजे छातीपासून कमरेखालपर्यंतची घट्ट चोळी, आत उभ्या पोलादी पट्ट्या, पाठीवर नाडी. पूर्वी गोऱ्या मडमा आतून घालायच्या, हल्लीच्या मुली कुर्त्यावरून घालून मिरवतात. मोबाईलवर बघून मी दोन शिवली. एक पोतं झालं, दुसऱ्यात श्वास घेता येईना. दोन्ही मी मापाच्या ब्लाउजवरून कापली होती. आपल्याकडं सगळी शिलाई त्यावरच चालते ना! पण ब्लाउज जिथं संपतं, तिथंच कॉर्सेटचं खरं काम सुरू होतं, हे मला सांगणार कोण?

मास्टरांनी माझा नमुना उलटासुलटा करून पाहिला. "हे काय हाय, बेटी?"

मी त्यांच्या दाढीकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं, आणि ठरवून टाकलं की खरं कळलं तर हा माणूस मला पायरी उतरायला लावेल.

"कमरेचा पट्टा," मी म्हणाले. "कंबर लई दुखते माझी."

"या अल्ला! एवढ्या कमी उमरीत?" त्यांनी चाचीला हाक मारली. चाची भिंतीला धरून धरून आली. तिच्या मणक्यात गॅप होती, वर्षभर तिनं एकही माप घेतलं नव्हतं. तरी कण्हत वाकली आणि माझं माप घेतलं. या वेळी आकडे खरे सांगितले. "दवाईचं काम हाय," म्हणाली, "हितं शरम कसली?"

तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी हात वर करून माप देत राहिले.

दर रविवारी सकाळी माझी शिकवणी सुरू झाली. मास्टर शिकवायला फार गोड माणूस. "मशीन पायानं नाय, कानानं चालवायची," म्हणायचे. शिलाईचा आवाज बदलला की सुई मोडायच्या आधी थांबवायचे. पट्ट्यांसाठी त्यांनी गठ्ठ्यांना बांधतात ती लोखंडी पट्टी आणली, कानशीनं टोकं घासली, टोचू नये म्हणून वर चिंधी गुंडाळली. टाचणी खाली पडली तर मला वाकू देत नसत, स्वतः गुडघ्यावर बसून शोधत. चाची आतून डिंकाचे लाडू पाठवायची. मी ते खाल्ले. वर आणखी एक मागून घेतला. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

माझं कॉर्सेट झालं, आणि झकास झालं. पुढच्या रविवारी मास्टरांनी विचारलं, "गुण आला का बेटी?"

"आला," मी म्हणाले. तोंडातून एवढा एकच शब्द निघाला.

त्याच्या पुढच्या रविवारी मास्टर खुशीत होते. "तुला गुण आला, मग म्या चाचीला पण तसाच पट्टा शिवून दिला. चार दिस झाले. घरातली कामं करायलीय पुन्हा!" मी "वा, छान," म्हणाले आणि काज करत बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. त्या दिवशी माझं एक काज सरळ झालं नाही.

आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. ऑफिसात फॉर्म तपासताना डोळ्यांसमोर चाचीचा मणका. हौसेनं तासभर मिरवायची वस्तू ती औषध समजून बांधत होती. पुढच्या रविवारी मास्टर म्हणाले, "रातीला पण काढत नाय म्हणते. लवकर गुण येईल म्हणते." तेव्हा मात्र माझ्या हातातलं कापड खाली पडलं.

"मास्टर, माझी कंबर कधीच दुखत नव्हती."

त्यांनी मशीन थांबवली. "मग हे कशाला?"

"हौस म्हणून. कुर्त्यावरून घालायला."

"हौस?" ते माझ्याकडं बघत राहिले. "अगं, ह्या बोळातली समदी दुकानं हौसेवर चालतात. नाचणाऱ्या बायांचे कपडे शिवले म्या, नाटकवाल्यांचे शिवले. कुठं घालणार, कुणाला इचारलं नाय कधी. तू मला का नाय सांगितलं?"

माझी नजर पुन्हा त्यांच्या दाढीकडं, टोपीकडं गेली, तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"दाढीला भ्यालीस व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता पडला. "जा, आत जा. चाचीला तूच सांग. माझ्यानं नाय व्हायचं."

चाची चुलीपाशी उभी होती, ताठ, खांबासारखी. मला बघून हसली. "बरं झालं आलीस. जरा ढिला कर गं मागून, माझा हात पोचत नाय."

मी नाडी सोडायला घेतली. पट्टा ढिला होताच आतला सदरा जरा वर सरकला आणि मला तिची पाठ दिसली. प्रत्येक पट्टीच्या जागी लाल वळ उमटले होते. दोन ठिकाणी कातडी सोलली होती.

"चाची, हे टोचत होतं तर सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? त्येंनी एवढ्या प्यारनं शिवला. आन् तू कोवळी पोर हे सोसतीस, हसत हसत येतीस. मग म्या कोणत्या तोंडानं कुरकुर करू?"

माझी बोटं थांबली. तिची पाठ माझ्याकडं होती म्हणूनच मला बोलता आलं. मी सगळं सांगितलं. दुखणं नव्हतं, गुण आला नव्हता, लाडूसुद्धा फुकट खाल्ले.

तव्यावरची रोटी करपल्याचा वास आला, तरी चाची हलली नाही.

मग म्हणाली, "आधी काढ हे माझ्या अंगावरून. श्वास घेऊ दे मला."